हात सैल सोडा

ही गोष्ट खरं तर मी कुणाला सांगणार नव्हतो. पण आमच्या बिल्डिंगमध्ये ती आता सगळ्यांना माहीत आहे, आणि प्रत्येक मजल्यावर वेगळी माहीत आहे. दुसऱ्या मजल्यावर मी मरता मरता वाचलो, तिसऱ्या मजल्यावर मला पोलिसांनी धरलं, आणि तळमजल्यावरची माणसं मुळातच कमी बोलतात, ती माझ्याकडे बघून नुसती हसतात. तेव्हा जे झालं ते एकदा माझ्याच तोंडून गेलेलं बरं. लाज वाटायची तेवढी वाटणारच आहे, निदान माहिती तरी बरोबर असेल.

आमच्या लेकीने ईसीजी टेक्निशियनचा कोर्स केला. म्हणजे हातापायांना क्लिपा आणि छातीला वाट्या लावून हृदयाचा आलेख काढायचा, ते काम. परीक्षेत चांगली पास झाली. नोकरी मात्र लागेना. पहिल्या हॉस्पिटलात तिला कसलं तरी नवीन मशीन दाखवून विचारलं, तर म्हणाली, "हे मला येत नाही, पण शिकेन." दुसऱ्या ठिकाणी विचारलं, कामात चुका होतात का? तर म्हणाली, "होतात. पण मी परत तपासते, म्हणून सापडतात." हे तिने आम्हाला जेवताना अगदी सहज सांगितलं. माझ्या घशाखाली घास उतरेना.

इथे मला माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी उभी नोकरी पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार खिडकीवर केली. त्या खिडकीमागे बसून मी एकच विद्या शिकलो, ती म्हणजे चूक आपली नसते. पाणी आलं नाही तर वरून दाब कमी असतो. गढूळ आलं तर पाइप तुमच्या बिल्डिंगचा असतो. पाणी न येता बिल आलं तर कॉम्प्युटरचं काहीतरी झालेलं असतं. "चौकशी करतो" हे मी रोज म्हणायचो. "चूक झाली" हे निवृत्त होईपर्यंत एकदाही म्हणालो नाही. घरातही तशी कधी गरज पडली नाही, असं माझं मत होतं. बायकोचं मत वेगळं आहे, पण तिला खिडकी नव्हती.

तर अशा माणसाची मुलगी मुलाखतीत बसून स्वतःच्या तोंडाने सांगते की माझ्या चुका होतात. मी त्या रात्री नीट झोपलो नाही. सकाळी दूध आणायला उतरलो तर जिन्यात सेक्रेटरी भेटले.

सेक्रेटरी म्हणजे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, राहणार तिसरा मजला. मी नोकरीत असताना ते रोज मला पाण्याच्या दाबाबद्दल फोन करायचे. त्यामुळे स्वतःच्या घराखेरीज जगातला एकच फोन नंबर मला तोंडपाठ आहे, तो त्यांचा. पुढे या नंबरानेच माझा घात केला, पण ते पुढे.

"नोकरी लागली का हो पोरीची?" त्यांनी विचारलं.

मी झालेला प्रकार सांगितला. त्यांनी दुधाची पिशवी खाली ठेवली. पिशवी खाली ठेवली की सेक्रेटरी सल्ला देणार, हे बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे.

"ज्ञान कोण विचारतो हो आजकाल? मी नोकरीत असताना किती लोकांच्या मुलाखती घेतल्यात. माइंडसेट लागतो, माइंडसेट."

"तो असतो तिचा. शांत आहे ती."

"शांत उपयोगाचं नाही. समोरच्याला वाटलं पाहिजे की हिला नाही घेतलं तर हॉस्पिटल बंद पडेल. घडवावा लागतो तो. घरीच घडवा. रोज तालीम घ्या. मी येतो."

मला हे एकदम पटलं. मला पटलं की बायकोला पटत नाही, हा आमच्या संसाराचा पाया आहे. ती कणीक मळता मळता म्हणाली, "अहो, तिला काम येतंय. तुम्ही मध्ये पडू नका, म्हणजे झालं." मी तिला समजावलं की काम येणं वेगळं आणि काम मिळणं वेगळं. त्यावर ती म्हणाली, "तुम्हाला मिळालं होतंच की," आणि परत कणकेकडे वळली. हा टोमणा होता हे मला दुपारी जेवण झाल्यावर कळलं.

लेक मात्र तयार झाली. तिला हात चालता ठेवायचा होता, मला माइंडसेट घडवायचा होता. दोघांचं भागणार होतं. रुग्ण मी.

आता मशीन कुठून आणायचं? मशीनची गरज नाही, असं लेकीने सांगितलं. हातापायांच्या क्लिपांच्या जागी कपडे वाळत घालायचे चिमटे घेतले. त्यांना लाल, पिवळा, हिरवा, काळा असा लोकरीचा धागा बांधला. लाल उजव्या हाताला, पिवळा डाव्या हाताला, मग पाय. छातीला लावायच्या वाट्यांचा प्रश्न होता. तो मी सोडवला, आणि तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता. बाथरूममध्ये टॉवेल अडकवायला रबराच्या वाटीचे हुक असतात ना, भिंतीला दाबले की चिकटतात, ते मी सहा काढून आणले. थोडं पाणी लावून दाबले तर छातीलाही चिकटतात. भिंतीला चिकटत नव्हते इतके चिकटतात.

आमच्या हॉलमधला दिवाण भिंतीला लागून आहे. मी उताणा झोपलो की उजवा हात भिंतीकडे. लेक बसणार डाव्या बाजूला, पहिली क्लिप लावायची उजव्या हाताला, म्हणजे तिला माझ्यावरून वाकावं लागणार. मी समंजस रुग्ण. मी आपला भिंतीकडचा हात उचलून आधीच तिच्यापुढे करायचो. ती लाल चिमटा लावायची. मग अलीकडचा हात, पिवळा चिमटा. चार दिवसांत ही इतकी सवय झाली की मी आडवा झालो की भिंतीकडचा हात आपोआप वर यायचा. "बाबा, हात मला घेऊ द्या, तुम्ही देऊ नका," असं ती म्हणायची. मी म्हणायचो, मदत करतोय. आयुष्यात पहिल्यांदा मी तक्रारदाराला मदत करत होतो आणि तीही नको होती.

संध्याकाळी सेक्रेटरी यायचे आणि मुलाखत घ्यायचे. सोबत दुसऱ्या मजल्यावरच्या मावशी यायच्या. मावशींना पाठ, गुडघे, डोकं आणि पोट अशी चारही दिशांनी दुखणी आहेत, म्हणून अवघड रुग्णाची भूमिका त्यांना द्यावी असं सेक्रेटरींनी ठरवलं. मावशींनी भूमिका इतकी मनापासून केली की थांबायचंच विसरल्या. लेकीने त्यांचं सगळं ऐकून घेतलं, उशी नीट केली आणि विचारलं, "मावशी, आत्ता या घटकेला काय दुखतंय?" मावशींनी विचार केला. "आत्ता तसं काही नाही गं," म्हणाल्या, आणि त्यांना स्वतःलाच वाईट वाटलं.

"बघा, ही पेशंटला बोलू देते," सेक्रेटरी माझ्या कानात म्हणाले. "यात वेळ जातो. दरारा नाही."

मग सेक्रेटरी स्वतः संतापलेला रुग्ण झाले. दिवाणावर आडवे पडून त्यांनी आधी हॉस्पिटलला शिव्या घातल्या, मग हळूहळू पाणीपुरवठा खात्यावर आले, आणि शेवटी उठून बसून माझ्याशीच भांडायला लागले. हाताला लाल चिमटा तसाच. मला नोकरीतले दिवस आठवून अंमळ बरंच वाटलं.

माझा स्वतःचा धडा मात्र एकच होता आणि तो मी रोज तालमीनंतर द्यायचो. "हे बघ बाळ, काहीही होवो, चूक झाली असं म्हणायचं नाही. मशीनचं काही असेल, रुग्ण हलला असेल, लाइटचा दाब कमी असेल. आपण म्हणायचं, चौकशी करते."

"बाबा, समोर माणूस झोपलेला असतो. त्याच्या छातीत दुखत असतं."

"म्हणून तर. त्याला धीर नको का वाटायला?"

ती हुक काढायला लागली. एकेक हुक पुक्क असा आवाज करून सुटायचा आणि खाली टपोरी लालभडक गोल खूण राहायची. सहा हुक, सहा खुणा. आंघोळीला गेलो की आरशात बघवत नव्हतं, आणि टॉवेल अडकवायलाही जागा नव्हती.

तिसऱ्या हॉस्पिटलातून बोलावणं आलं. या वेळी मुलाखतीबरोबर प्रत्यक्ष काम करून दाखवायचं होतं. निघताना लेकीने मला शपथ घातली. "बाबा, तुम्ही येणार नाही. बाहेर नाही, गेटपाशी नाही, समोरच्या चहावाल्याकडेसुद्धा नाही. तुम्ही असलात की माझं लक्ष तुमच्याकडे जातं. ही नोकरी मला हवीय हो. खरंच हवीय." शेवटचं वाक्य ती इतकं हळू म्हणाली की मी हो म्हणालो.

आणि पुढच्या बसने निघालो. का निघालो ते अजून मला नीट सांगता येत नाही. मनात होतं की लांबून बघेन. तिचा चेहरा बघून कळेल, आणि ती बाहेर यायच्या आत घरी पोहोचेन. बायकोला सांगितलं, बँकेत जातोय. ती म्हणाली, "बँक आज बंद आहे. आणि जाताय तर बनियन बदला, त्याला भोकं आहेत." मी म्हटलं, बँकेत बनियन कोण बघतं? असं म्हणून मी गेलो.

हॉस्पिटलच्या वेटिंग हॉलमध्ये मी खांबाआडच्या खुर्चीवर बसलो. लेक आतल्या पॅसेजमध्ये इतर उमेदवारांबरोबर बाकावर दिसत होती. तेवढ्यात वॉचमन आला. "केसपेपर?"

"नाही, मी नुसता बसलोय."

"नुसतं बसता येत नाही. केसपेपर असेल तर बसा, नाहीतर बाहेर."

बाहेर जायचं तर लेकीच्या समोरून जावं लागणार. मी मुकाट्याने केसपेपरच्या खिडकीकडे वळलो. खिडकीत एक बाई बसल्या होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "तक्रार काय?"

हा प्रश्न मी आयुष्यात हजारो लोकांना विचारला होता. मला कुणी कधी विचारला नव्हता. मी गडबडलो. "तक्रार अशी काही नाही."

"तक्रार नसेल तर केसपेपर मिळत नाही."

हे उत्तरही माझंच होतं. मी मागे वळून पाहिलं, रांग वाढत होती, वॉचमन बघत होता. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "इथे जरासं."

त्या बाईंनी पहिल्यांदा मान वर केली. "छातीत? कधीपासून?"

"चारपाच दिवस," मी म्हणालो. खुणा चारपाच दिवसांच्याच होत्या, त्यामुळे हे अगदीच खोटं नव्हतं.

"नाव?"

इथे माझं डोकं भलतंच चाललं. माझं आडनाव आणि लेकीचं आडनाव एकच. कुणी जुळवलं तर? मी सेक्रेटरींचं नाव सांगितलं. फोन नंबर विचारला, तोही त्यांचाच सांगितला, तोंडपाठ होता. पत्ता आपोआप बरोबर निघाला, फक्त मजला बदलला.

आता मला केसपेपर मिळेल आणि मी खांबाआड जाऊन बसेन, अशी माझी कल्पना. पण खिडकीतल्या बाईंनी कुणाला तरी हाक मारली आणि माझ्या मागून एक चाकाची खुर्ची आली. "बसा काका. चालायचं नाही आता."

"अहो, मी चालू शकतो."

"सगळे असंच म्हणतात," खुर्चीवाला म्हणाला आणि मला खांदे धरून बसवलं.

खुर्ची सुसाट निघाली. ईसीजीच्या खोलीबाहेर रांग होती. रांगेत सगळ्यात पुढे एक म्हाताऱ्या बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, एक हात छातीवर, चेहरा घामाने ओला. खुर्चीवाला त्यांना म्हणाला, "आजी, जरा बाजूला. यांना आधी घ्यायचंय." आजी बाजूला झाल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जा बाबा, जा. फार दुखतंय का?"

त्या क्षणी मी उठायला हवं होतं. उठलो नाही. कारण त्याच क्षणी बाकावरच्या लेकीने मान वळवली आणि आमची नजरानजर झाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिला वाटलं मला खरंच काही झालंय. मी घाईघाईने डोळा मारला. तिच्या चेहऱ्यावरची भीती गेली आणि तिच्या जागी जे आलं ते मला बघवलं नाही. मी खुर्चीच्या चाकाकडे बघत राहिलो.

खोलीत एक मोठ्या मॅडम होत्या. पांढरा कोट, चष्मा, केस करडे. उमेदवारांची परीक्षा त्याच घेत होत्या, येणाऱ्या रुग्णावर. त्यांनी दारातून डोकावून हाक मारली. "पुढची कोण?"

पुढची माझी लेक होती.

ती आत आली. हात धुतले. माझ्याजवळ आली, केसपेपर वाचला. सेक्रेटरींचं नाव वाचताना तिची भुवई जराशी हलली. मग अगदी परक्या आवाजात म्हणाली, "काका, मी तुमचा ईसीजी काढणार आहे. दुखणार नाही. शर्ट आणि बनियन काढाल का?"

शर्ट निघाला. बनियन निघताना त्यातलं एक भोक माझ्या कानाला अडकलं. तिने ते सोडवलं. आणि मग मॅडमनी माझी छाती पाहिली.

"या कसल्या खुणा?"

सहा लाल गोल, बरोबर हृदयाच्या भोवती, ओळीने. आंधळ्यालाही कळलं असतं.

"जन्मखुणा," मी म्हणालो.

मॅडम "हं" म्हणाल्या. तो हं मी विसरणार नाही.

मी पलंगावर आडवा झालो आणि भीतीने डोळे मिटून घेतले. आणि मिटल्या मिटल्या, सवयीने, माझा भिंतीकडचा हात वर आला. घरी भिंत उजवीकडे होती. इथे डावीकडे होती. मी डावा हात पुढे केला होता. लेकीनेही सवयीने त्याला लाल क्लिप लावली. दोघांच्याही लक्षात आलं नाही. मग दुसऱ्या हाताला पिवळी, मग पाय. मग छाती. तिने माझ्या बरगड्या बोटाने एकेक चाचपून मोजल्या, वाट्या लावल्या. मशीन सुरू झालं.

कागदावर आलेख नव्हता, दाढीचे खुंट उमटावेत तशी रेघ होती. मी थरथरत होतो.

"हात सैल सोडा, काका," ती म्हणाली.

मी सोडायचा प्रयत्न केला. जितका केला तितके हात ताठ झाले. "सैल सोडा. काही होत नाही." तिने माझ्या मनगटावर हात ठेवला. बोटं गार होती. घाबरली होती ती, माझ्यामुळे. मी डोळे उघडले नाहीत.

दुसरा कागद निघाला. थरथर कमी होती. मॅडमनी तो तिच्यापुढे धरला. "काय दिसतंय?"

लेक कागदाकडे बघत राहिली. मी एक डोळा उघडला. कागदावरच्या पहिल्या ओळीतली शिखरं वर असायला हवीत, ती सगळी खाली लोंबत होती. हे मला तेव्हा कळत नव्हतं, पण दोघींच्या चेहऱ्यावरून एवढं कळलं की काहीतरी उलटं आहे. माझ्या मनात आलं, आपलं हृदयच उलटं आहे. मग मनात आलं, आपण मरतोय. आणि मग, मला सांगायला शरम वाटते, पण त्या स्थितीतही मी भुवया वर करून तिला खूण केली की चौकशी करते म्हण. मशीन म्हण. रुग्ण हलला म्हण. रुग्ण खरंच हलला होता.

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. "मॅडम, चूक झाली माझी," ती म्हणाली. "हातांच्या क्लिपा उलट लागल्या आहेत. बदलून परत काढते."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. हात मी दिला होता. "मॅडम, हात मीच चुकीचा पुढे केला," एवढं एक वाक्य होतं. ते माझ्या घशापर्यंत आलं. पण ते म्हटलं तर विचारतील, तुम्ही कशाला पुढे केलात, तुम्हाला काय माहीत आधी कुठला हात लागतो? मी मूग गिळून पडून राहिलो.

मॅडमनीच विचारलं, "हात यांनी पुढे केला होता. मी बघत होते. तू का नाही सांगितलंस?"

"त्यांनी कुठलाही हात पुढे करू दे. बघायला मी हवं होतं."

लेकीने क्लिपा काढल्या, हात तपासले, परत नीट लावल्या आणि मशीन सुरू केलं. मग थांबली. "आणि मॅडम, हे माझे बाबा आहेत. मी यांच्यावर सराव करत होते. त्या जन्मखुणा नाहीत, टॉवेलच्या हुकांच्या आहेत. मी यांना येऊ नका म्हटलं होतं. पण आत आल्या आल्या मी तुम्हाला सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही."

झालं. नोकरी गेली, असं मला वाटलं. तिसरी. आणि ही तिने घालवली नव्हती.

मॅडमनी केसपेपर उचलला, चष्मा वर केला. "नाव वेगळं आहे."

आता खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. दाराबाहेर त्या आजी भिंतीला टेकून उभ्या होत्या, दार अर्धं उघडं होतं. मी उघडा, छातीवर वाट्या, हातापायांना क्लिपा, उशीला बनियन. या अवस्थेत खिडकी कुठून आणणार?

"ते मी खोटं सांगितलं," मी म्हणालो. आवाज माझा वाटला नाही. "नाव शेजाऱ्यांचं आहे. छातीतही दुखत नाही. नुसतं बसू देत नव्हते म्हणून... हातही मीच पुढे केला. तिची काही चूक नाही. चूक माझी आहे."

लाजेने माझे कान गरम झाले होते. डोळ्यांत पाणी आलं, ते पुसायला हात मोकळे नव्हते. मशीन चालूच होतं. लेकीने कागद फाडून मॅडमपुढे ठेवला. थरथर गेली होती. शिखरं वर होती.

"हा बरोबर आला," मॅडम म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "बाहेर त्या बाई कधीच्या उभ्या आहेत. त्यांची जागा तुम्ही अडवलीत. उठा."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी कपडे छातीशी धरून बाहेर आलो. दारात आजींना वाट देताना मी म्हणालो, "माफ करा." त्यांना ऐकू आलं की नाही कोण जाणे. आतून लेकीचा आवाज आला, "या आजी. आधी बसा. आत्ता काय होतंय, सांगा मला."

मी पॅसेजमध्ये उभा राहिलो. खुर्ची मोकळी होती, बसायची हिंमत झाली नाही. आतून डॉक्टरांना बोलावणं गेलं, आजींना स्ट्रेचरवरून दुसरीकडे नेलं. जाताना आजींनी लेकीचा हात धरला होता, आणि ती स्ट्रेचरबरोबर वळणापर्यंत चालत गेली. ती परत आली तेव्हा मॅडम दारात उभ्या होत्या.

"वडिलांच्या छातीवर खुणा होत्या," मॅडम तिला म्हणाल्या, मला ऐकू जाईल इतपत. "बरोबर जागी होत्या. तरी तू बरगड्या परत मोजल्यास. का?"

"खुणांवर कसा भरवसा ठेवायचा? त्यांनी हुक हलवले असतील तर?"

मॅडम हसल्या. पहिल्यांदाच. "सोमवारपासून ये. सुरुवातीला माझ्या हाताखाली. आणि घरी सांग, पेशंट आमच्याकडे भरपूर आहेत."

बसमध्ये ती खिडकीशी बसली, मी तिच्या शेजारी. तिने माझ्याशी बोलणं टाकलं होतं आणि मला ते योग्यच वाटत होतं. नोकरी मिळाल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर होता, पण तो ती खिडकीबाहेर बघून करत होती. मी मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसलो होतो. पिशवीत काहीही नव्हतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. सेक्रेटरी.

"अहो, काहीतरी घोटाळा आहे. हॉस्पिटलमधून मला फोन आला, माझा ईसीजी नॉर्मल आहे म्हणे. मी म्हटलं मी काढलाच नाही, तर म्हणतात घाबरू नका, या वयात विसरायला होतं. फोन स्पीकरवर होता, मावशी समोरच बसल्या होत्या हो. सगळ्या बिल्डिंगला कळलं. हे काय आहे?"

केसपेपरवरचं नाव आणि नंबर बदलायचं राहूनच गेलं होतं. माझं तोंड सवयीने उघडलं. "वरून काहीतरी चूक झाली असेल, मी चौकशी..."

लेकीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"नाही," मी म्हणालो. "चूक माझी आहे. तुमचं नाव मी दिलं. घरी येऊन सगळं सांगतो."

"कोण बोलतंय?" सेक्रेटरींनी विचारलं. पाणीपुरवठा खात्याकडून हे वाक्य ऐकायची त्यांना सवय नव्हती. मी फोन ठेवला.

ती अजून माझ्याकडे बघत होती. "बाबा, छाती दुखतेय का? खुणांची?"

"छे," मी म्हणालो. मग म्हणालो, "हो. दुखतेय. पहिल्या दिवसापासून दुखतेय."

"मग सांगायचं नाही का?"

तिने माझ्या मांडीवरच्या पिशवीकडे पाहिलं, पिशवीवर आवळलेल्या माझ्या बोटांकडे पाहिलं, आणि त्यांच्यावर आपला हात ठेवला. आता तो गार नव्हता.

"हात सैल सोडा, बाबा," ती म्हणाली.